सरांनी आधीच करून ठेवलेली सही

रविवार, १० फेब्रुवारी १९७४
सकाळी साडेसहाला सर गेले. डॉ. गोपाळराव ठवकर, माझे पीएच.डी.चे गाईड. घाटावर दुपारी एक वाजेपर्यंत होतो. युनिव्हर्सिटीच्या पीएच.डी. सेक्शनचे वामनराव, त्यांनी खांदा दिला. मलाही द्यायचा होता. पुढे जाण्याचं धाडस झालं नाही. खोलीवर येऊन आंघोळ केली. जेवलो नाही.
सर मला वडिलांच्या जागी. तेरा दिवस प्रबंधाला हात लावायचा नाही.

सोमवार, ११ फेब्रुवारी
रजिस्ट्रेशन ३१ मार्चला संपतं. नऊ वर्षं झाली, दोनदा मुदत वाढवून झाली. विषय: ‘कुही तालुक्यातील तलाव व धानशेती’. प्रकरणं सहा. पहिलं सरांकडे दिलेलं आहे (१९७१). बाकीची पाच डोक्यात तयार आहेत, फक्त उतरवायची.
तेरा दिवस सोडले तर छत्तीस उरतात. रोज सात पानं. सहज होईल.
छातीत धडधडतं. चहा कमी करावा.

गुरुवार, १४ फेब्रुवारी
वामनराव सदरच्या बाजारात भेटले. म्हणाले, गाईड बदलून घ्या न जी. साधा अर्ज करा, लिहिलेलं जोडा, विभागाचे हेड सही करतील. गाईडच गेले म्हटल्यावर सहा महिने मुदत तर भेटतेच. मग विचारलं, किती झालं लिहून? बरंच, म्हणालो.
अर्ज करणार नाही. सरांना जाऊन चार दिवस झाले नाहीत तर त्यांच्या जागी दुसऱ्याचं नाव? कृतघ्नपणा आहे. शिवाय हेड लिहिलेलं बघायला मागतील, त्यात वेळ जाईल.
गरजही नाही. प्रबंधाला जोडायच्या गाईडच्या सर्टिफिकेटवर सरांची सही माझ्याकडे आहे. गेल्या दसऱ्याला सोनं द्यायला गेलो होतो. नाही म्हणून चालत नाही, म्हणून गेलो. सरांना दम लागत होता. म्हणाले, तब्येतीचा भरवसा नाही गा, सही करून ठेवतो. ज्या दिवशी पुरं होईल त्या दिवशीची तारीख तू टाक. पाची प्रतींवर सही केली.

शनिवार, २३ फेब्रुवारी
प्रारंभ केला. ऋणनिर्देशापासून. भक्कम पाया हवा. चार पानं, सर्व सरांवर.

शनिवार, २ मार्च
ऋणनिर्देश पूर्ण. अकरा पानं. प्रकरण दोनचं शीर्षक ठरलं.
आता रोज बारा पानं पडतील. पहाटे उठणार.

मंगळवार, ५ मार्च
सात वाजता उठलो. खाली लाकडं कापायची आरामशीन सुरू. लकडगंजात राहून चिंतन होत नाही. जागा बदलायला हवी, पण आता वेळ नाही.

शनिवार, ९ मार्च
कुसुमताईंकडे, म्हणजे सरांच्या पत्नीकडे, जावंच लागलं. निरोप आला होता. दारापर्यंत दोनदा गेलो आणि परत फिरलो. तिसऱ्यांदा त्यांनीच खिडकीतून पाहिलं. म्हणाल्या, या न, आता रागावणारं कोण आहे इथं?
पहिलं प्रकरण हातात ठेवलं. पानोपानी सरांची पेन्सिल. तीन वर्षांपूर्वीच तपासून ठेवलेलं. मी न्यायला गेलो नव्हतो. सर कामात असतात म्हणून.
कुसुमताई म्हणाल्या, घरात मले ताकीद होती. कुहीचा पोरगा आला तर प्रबंधाचं विचारू नको, चहा दे. विचारलं तर तो येणंच बंद करीन.
मी चहा घेतला. बशीत ओतून सगळा प्यायलो.

रविवार, १७ मार्च
प्रकरण दोन झालं. नऊ पानं, पण दाट. तीन ते सहा एकत्र करायची. आधुनिक पद्धत तीच आहे.

सोमवार, २५ मार्च
सदरला नत्थूजींकडे टायपिंग टाकलं. एकूण एकसष्ट पानं. तलावांच्या याद्या आणि प्रश्नावली परिशिष्टात घातल्या, तेव्हा जरा वजन आलं. नत्थूजी म्हणाले, साहेब, ऋणनिर्देशच सगळ्यात लंबा आहे. टायपिस्टला संशोधन काय कळणार.
रस्त्यात दोनदा वाटलं, मागून कोणी हाक मारतंय.

शुक्रवार, २९ मार्च
बाइंडिंग करून मिळालं. नत्थूजींनी सर्टिफिकेट पाहिलं. म्हणाले, जानेवारीची तारीख टाकून द्या न जी, तवा सर होते. कोण पाहून राहिलं? मला राग आला. खोटी तारीख मी टाकणार नाही. सरांचे शब्द स्पष्ट होते.

शनिवार, ३० मार्च
सकाळी नऊला पाची प्रतींवर तारीख घातली. ३० मार्च १९७४. स्वच्छ अक्षरात. बरं वाटलं.
अकराला सेक्शनमध्ये. वामनरावांनी पहिलं पान उलटलं. दुसऱ्यावर थांबले. चष्मा काढून पुसला, परत लावला. शेजारच्या टेबलाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, सर आज येऊन गेले काय जी, सही कराले?
मी म्हणालो, सरांनीच तसं सांगितलं होतं.
ते म्हणाले, मी खांदा दिला होता त्यायले.
वाटलं आता वर कळवतील, मी शिकवतो त्या कॉलेजात कळेल, नोकरी जाईल. त्यांनी पाची प्रती माझ्याकडे सरकवल्या. म्हणाले, घरी न्या, मी काही पाह्यलं नाही. अर्ज काहून नाही केला? मी म्हणालो, जोडायला काही नव्हतं, भ्यालो. हे मी प्रथमच कोणाला सांगितलं.
एकही प्रकरण नव्हतं? त्यांनी विचारलं. सरांनी तपासलेलं एक आहे, म्हणालो.
वामनरावांनी टेबलावरचं रजिस्टर मिटलं. तेवढंच लागत होतं, म्हणाले. हेडसाहेब गुरुवारपर्यंत विचारून राहिले होते, तो सरांचा विद्यार्थी आला काय म्हणून. कालपासून ते सुटीवर गेले.
प्रती नवीन फडक्यात बांधून परत आणल्या.

रविवार, ३१ मार्च
मुदत आज संपली. युनिव्हर्सिटी बंद, त्यामुळे संपताना कोणी पाहिलं नाही.
आता भ्यायचं कारण उरलं नाही. तरी जिन्यावर पाऊल वाजलं की उठून बसतो.
जूनमध्ये नवं रजिस्ट्रेशन करता येतं म्हणतात. गाईड शोधावा लागेल.
उद्या सकाळी परीक्षेची सुपरव्हिजन आहे. पांढऱ्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. सुई काढली. दोरा चौथ्या वेळी ओवला गेला. बटण लावलं, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला.