वाटनिवड समिती

पालेगाव, अंबरनाथ (पूर्व)
दसऱ्यानंतरचा सोमवार

चिरंजीव हरिचंद्र यास (तू माझ्याहून वयाने लहान म्हणून चिरंजीव, अकलेकडे बघून लिहायचं तर बाळ लिहावं लागलं असतं),

शिवरामचा सप्रेम जयभीम. तुझा राम राम मिळाला असं धरून चालतो. तुझे गुडघे, तुझा मोतीबिंदू आणि कमलेशने दुबईच्या नादात काढून ठेवलेला तुझा पासपोर्ट ही तिन्ही सुस्थितीत असतील अशी आशा आहे. तुळशीवहिनींनी पाठवलेली सुकट पोचली. डॉक्टरांनी माझं मीठ बंद केलंय, त्यामुळे शीलाने ती माझ्यासमोर बसून खाल्ली आणि मला वासावर ठेवलं. तू मात्र आषाढापासून इकडे फिरकला नाहीस. कमलेश सांगतो, बाबांना तुम्हाला असं बघवत नाही. अरे, मला तुला कधीच बघवलं नाही, तरी कारखान्यात तीस वर्षं एका बाकावर बसून तुझ्या डब्यातलं खाल्लंच ना?

या जमान्यात पत्र कशाला, असं तू म्हणशील. तुझ्या फोनवर काही पाठवलं की तुझी नात रिद्धी ते ओटीवर उभी राहून वाचते, आणि अशी वाचते की अख्ख्या चामटोलीला दवंडी ऐकल्यासारखं वाटावं. माझ्या फोनवर आमच्या सूनबाईंचा पहारा असतो. म्हणून हे पत्र भाजीवाल्या इंदुबाईच्या चुंबळीत गुंडाळून तुझ्या गावी येत आहे. (तिला सांगितलंय की आत औषधाची पुडी आहे, आणि ते अगदीच खोटं नाही.) चष्मा लाव आणि स्वतः वाच.

आता मुद्द्याकडे येतो, म्हणजे मुद्द्याच्या आसपास. जानेवारीत आम्ही चौघं, म्हणजे मी, शीला, धम्मदीप आणि सूनबाई पायल, श्रीलंकेला जाणार हे तुला माहीत आहे. तिकिटं निघाली तेव्हा पेढे तूच जास्त खाल्लेस. शीलाला अनुराधपूरच्या बोधिवृक्षाखाली बसायचं होतं. माझी अट एकच, श्रीपादाचा डोंगर चढायचा. माथ्यावरच्या खडकात एक पाऊल आहे. आमचे लोक म्हणतात तथागतांचं, तुझे म्हणतात शंकराचं, आणखी कोणी म्हणतं बाबा आदमचं. (धम्मदीपने लगेच हरकत घेतली की असल्या पावलांवर विश्वास ठेवणं बावीस प्रतिज्ञांत बसत नाही. शीला म्हणाली, पाऊल कोणाचं का असेना, आपली पावलं तिथवर जातात का ते बघायचं. तो गप्प बसला. तिच्यापुढे मीही लग्नापासून गप्पच आहे.) वर एक घंटा आहे. डोंगर जितक्या वेळा चढलात तितके टोले द्यायचे, अशी तिथली रीत. काही म्हातारे इतका वेळ टोले देत बसतात म्हणे की मागची रांग खोळंबते. डोंगराला वाटा दोन. हॅटनकडून पायऱ्यांची, जवळची, जागोजागी चहाच्या टपऱ्या असलेली. आणि रत्नपुराकडून जंगलातली, लांबलचक, जळवांची. मी अर्थात दुसरी धरली होती. आपण चंदेरीच्या किल्ल्यावर गेलो होतो, आठवतं? तू आणि मी धापा टाकत गुहेपाशी पोचलो तेव्हा शीला डबा उघडून बसलेली होती, आणि वर विचारत होती की वाट चुकलात काय.

मग आषाढात मोठ्या डॉक्टरांनी माझ्या छातीचे फोटो बघितले, मला बाहेर बाकड्यावर बसवलं आणि धम्मदीपला आत थांबवून घेतलं. बाहेर आल्यावर पोरगा म्हणाला, "पप्पा, आइस्क्रीम खाणार?" हरिचंद्र, खोकणाऱ्या बापाला आइस्क्रीम विचारणारा मुलगा काय ऐकून आला असेल ते कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. (खाल्लं. पिस्ता. समजलं म्हणून सोडायचं कशाला?) फुप्फुसं आतून वाळत चाललीत, भेंडी वाळते तशी. घरात हे सगळ्यांना माहीत आहे आणि मला माहीत नाही, असं ठरलेलं आहे. मीही ठरावाला पाठिंबा दिला आहे.

तेव्हापासून रोज जेवणाआधी आमच्याकडे वाटनिवड समिती बसते. पायल टीव्हीवर यूट्यूब लावते आणि परदेशी पोरं डोंगर चढताना दिसली की पुढे ढकलते. पहिल्याच बैठकीत रत्नपुरा गेलं, कारण जळवा माझं रक्त पितील. (आता ते राखून ठेवून मी कोणाला देणार आहे?) मग हॅटन गेलं, पायऱ्या उंच निघाल्या. मग चहाच्या मळ्यातली पायवाट आली, तिला चढ निघाला. मग कँडीच्या तळ्याभोवतीचा रस्ता, तिथे बाकं कमी. मग वनस्पती उद्यान, तिथे बाकं पुष्कळ, पण दोन बाकांमधलं अंतर धम्मदीपला पटेना. "टेन्शन नको पप्पा, एकदम फ्लॅट शोधतो. अपने को चिल मारायचंय ना?" असं म्हणताना त्याचे डोळे भरून येतात आणि तो रिमोटचे सेल काढून बघू लागतो. परवा समितीने शेवटचा निर्णय दिला. हॉटेलच्या मागे हिरवळ आहे आणि तिच्या कडेने फरशीची वाट, आमच्या जिन्यापासून पार्किंगपर्यंत असते एवढी. नाव मात्र 'नेचर ट्रेल'. मी म्हणालो, एवढ्यासाठी समुद्र कशाला ओलांडायचा, खाली सोसायटीत झेंडूच्या कुंड्या आहेत. पायलने टीव्ही बंद केला आणि ताटं घेतली.

मी लढलो नाही असं समजू नकोस. श्रावणात जाहीर केलं की आपल्याच इमारतीचा जिना चढून दाखवतो. पायलने प्रत्येक मजल्यावर एकेक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली आणि माझ्या बोटाला ते ऑक्सिजन बघायचं यंत्र लावलं. पहिल्या मजल्यावर गेलो तर खुर्चीत भिमाबाई मेथी निवडत बसलेल्या. त्यांना वाटलं, सोसायटीने म्हाताऱ्या माणसांची सोय केली. तिसऱ्यावर आमचा सेक्रेटरी राजेंद्र. मजल्यामजल्यावर खुर्च्या बघून त्याची खात्री झाली की कोणीतरी मीटिंग बोलावली आहे आणि सेक्रेटरीलाच कळवलेलं नाही. तो तापलेला, आणि मी त्याच्यापुढे पायरीवर मटकन बसलेला. त्याने पाण्याच्या टँकरचा विषय काढला आणि विचारलं, "काका, तुमचं ऑब्जेक्शन आहे काय?" मला बोलता येईना, नुसती मान खाली गेली. ठराव पास झाला. तेवढ्यात यंत्रावरचा आकडा बघून पायल रडायला लागली. राजेंद्रला वाटलं टँकरच्या वर्गणीपायी रडतेय, त्याने आम्हाला महिनाभर सूट दिली. (आमच्या घरात सध्या सगळं असंच चाललं आहे. रडणं एका गोष्टीचं आणि कारण दुसरंच.)

त्यातच बुटांचं झालं. शीलाला घेऊन उल्हासनगरला कॅम्पात गेलो आणि डोंगर चढायचे बूट मागितले. दुकानदार सिंधी, मोठा गोड माणूस. मी माझ्या मापाहून एक नंबर मोठा मागितला, तर तो म्हणाला ढिले होतात, आणि शीलाही म्हणाली पायात नाचतायत. मी म्हणालो, उतरताना पाय सुजतात असं तज्ज्ञ सांगतात. (तज्ज्ञ म्हणजे मीच.) मग त्याने बूट हातात घेऊन वाकवून दाखवला. "साईं, लाइफटाइम गॅरंटी! ये जूता आपसे ज़्यादा चलेगा." मी विचारलं, लाइफटाइम कोणाचा? तो मनापासून हसला. शीला काउंटरवरच्या मोज्यांकडे बघत राहिली आणि नको असलेले मोजे घेऊन बाहेर पडली.

पण सांगायचं होतं ते वेगळंच. दुपारी जेवण झालं की मी डोळे मिटून पडतो. झोप येत नाही, पण घरच्यांना मी झोपलेला बरा वाटतो. मग शीला दार हळूच लोटून बाहेर जाते. पायलला सांगते, गच्चीवर पापड बघून येते. पाऊस आत्ता कुठे थांबतोय, यात कोण पापड घालतं? एकदा उठून दाराच्या फटीतून बघितलं. पाठीला धम्मदीपची ऑफिसची बॅग, तिच्यात पाण्याच्या बाटल्या, साडी वर खोचलेली, पायात माझे जुने कॅनव्हासचे बूट, आणि बाई जिना चढतेय. वर जाते, खाली येते, परत वर. आमचा दरवाजा आला की चवड्यांवर चालते, मला आवाज नको म्हणून. आणि संध्याकाळी समितीत तीच म्हणते, "मला मेलीला कुठे चढायची हौस? हिरवळच बरी." मला रडू आलं रे. धाप लागल्यासारखं केलं आणि निभावून नेलं. या आजाराचा तेवढा एक उपयोग आहे.

मी गेल्यावर काय होणार ते मला तोंडपाठ आहे. तिकिटं रद्द होतील. पप्पांचं वर्ष होऊ दे, म्हणतील. वर्ष झालं की पायलचं ऑफिस, मग शीलाचे गुडघे, मग आणखी काही. तू जन्मभर सांगत आलास, "आरं, डोंगर कय पलून नाय जात." डोंगराचं तुझं बरोबर आहे.

असो. बाकी सर्व ठीक. काळजी नसावी. वहिनींना नमस्कार, रिद्धीला आशीर्वाद, आणि सुकट पुन्हा पाठवू नये.

तुझा,
शिवराम

ता. क. पासपोर्टची मुदत बघून ठेव. जानेवारीत मी नसेन, तू जा. माझं तिकीट तुझ्या नावावर होत नाही (पायलला सहज विचारल्यासारखं विचारून घेतलं), तेव्हा कमलेशला नवं काढायला सांग. त्यांनी जाणं रद्द करायचं काढलं तर आमच्या घरी येऊन आरडाओरडा कर. तुझा आवाज आयुष्यात एकदा तरी कामी येऊ दे. शीलाला रत्नपुराच्या वाटेने ने. ती पुढे चालेल, तू मागून ये. तिला हळू चाल म्हणू नकोस.

आणखी एक. बूट तुझ्या मापाचे आहेत. लवकर ये आणि घेऊन जा, आतापासून घालून फिरलास तर चावणार नाहीत. मला बघवत नसेल तर डोळे मिटून बस, पण ये.

शेवटचं. वर पोचलात की शीलाने घंटेचा एक टोला द्यायचा, बाकीच्यांनी आपापला एकेक. धम्मदीप म्हणेल, पप्पांच्या नावाने आणखी एक देऊ. शीलाचाही हात दोरीकडे जाईल. जाऊ देऊ नकोस. दोरी धर, तिचा हात धर, काय वाटेल ते कर. मी चढलेलो नाही.