अजून जमलं न्हाई

लातूर, ६ ऑगस्ट २०२५

ती. महादेवी अक्कास,
सा. न. वि. वि.

फोनच केला असता, पण सिंधु दाराआडून सगळं ऐकते, म्हणून लिहून राहिले. सोमवारी तिच्या बालवाडीतून बोलावणं आलं, पोरगी सापडत नाही म्हणून. मणी ओवायला दिले होते, तिला जमले नाहीत, बाईंची नजर चुकवून निघून गेली. अर्ध्या तासानं पाण्याच्या टाकीमागच्या सांदीत सापडली. चड्डी ओली, हाताला स्वतःच चावलेलं. घरी आल्यावर म्हणाली, "मला आलं न्हाई. आता मी हुशार न्हाई. मग तू न्यायला येणार न्हाईस ना?"

अक्का, चार वर्षांचं लेकरू. 'हुशार माझी बाई' हे आम्हीच दिवसातून दहादा म्हणतो. उद्या कुणाला सापडणारच नाही अशा जागी लपली तर? काय करू ते लिही.

तुझ्या मायेवर तगलेली,
मंजुश्री

भोकर, ११ ऑगस्ट

चि. मंजुश्रीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र अंगणवाडीतच दोनदा वाचलं. आधी बालवाडीच्या बाईंना टाकीकडचं दार लावायला सांग. माझ्याकडंही अशी लेकरं येतात. ती हट्टी नसतात, भ्यालेली असतात. तिला समजावत बसू नकोस. प्लास्टिकचे कप घे, जमिनीवर बस, तूच मनोरा रच. पडला की 'अजून जमलं न्हाई' म्हणून पुन्हा रच. तिला बोलावू नकोस. आलीच, तर हुशार म्हणू नकोस. खालचा कप कसा सरकवला ते विचार. आणि पाहुण्यांपुढं शंभरपर्यंत आकडे म्हणायला लावणं बंद, असं सिंधुच्या बाबांना, सिद्धेश्वररावांना सांग. लग्नानंतर दोन वर्षं तुझी भाकर तव्यावर फाटायची, हे ते विसरले नसतील.

माझा एक पापा सिंधुच्या गालावर ठेवून दे.
अक्का

लातूर, १७ ऑगस्ट

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तीन दिवस मी कप रचले. सिंधु दारातून बघायची, जवळ यायची नाही. काल भांडी घासून आले तर ती घरात नाही. हाकेला ओ नाही. गल्लीतल्या टाकीचं झाकण काढून आत बघितलं, अक्का. शेवटी शेजारच्या गंगम्मांनी जिन्याखालच्या कोपऱ्याकडं बोट दाखवलं. कुणाला दिसू नये अशी बसून ती एकटीच कप रचत होती. मी धावले आणि माझ्याच पदरानं सगळे पडले.

तिचा हात तोंडाशी गेला. वाटलं, आता चावते. पण माझ्याकडं बघून तिनं विचारलं, तू रडून राहिलीस का. मी सांगितलं, लई भ्याले होते. तिनं सरकून जागा केली, एक कप दिला. उद्या तिला पुन्हा बालवाडीत सोडायचंय. भीती गेली असं खोटं लिहिणार नाही. जिन्याखाली तो कप मी एका हातानं ठेवायला गेले, तो दोनदा घसरला. ती म्हणाली, "थांब. दोन्ही हातांनी धर."

अशीच पाठीशी राहा.
मंजुश्री