कॅसेटच्या कोपऱ्यातला भात

घोडपदेव,
३० जानेवारी २०२४

ती. नलूआत्यास,
श्रेयाचा सा. न. वि. वि.

तुझ्या कानांनी संप पुकारला आणि आपला पत्रव्यवहार सुरू झाला, हे एक बरं झालं. आजचं पत्र मात्र जेवणाआधी वाचू नकोस.

चाळ पाडायची तारीख आली आहे. संक्रमण शिबिरातल्या खोलीत अप्पांची कॅसेटची ट्रंक मावणार नाही. म्हणून जे खरंच जपण्यासारखं आहे ते लालबागच्या एका वाचनालयाला द्यायचं मी ठरवलं. ते लोक सूची मागतात. मी ज्या ग्रंथालयात कामाला आहे तिथून परवानगी काढून हातात धरायचा स्कॅनर आणला. घरातली पहिली पदवीधर म्हणवते, तर आजोबांच्या संग्रहाला एवढी शिस्त लावायलाच हवी.

ट्रंक उघडली. झुरळांची अंडी, लेंड्या, बुरशीचा आंबूस वास. त्याहून घाण म्हणजे बऱ्याच कॅसेटच्या वरच्या कोपऱ्यांत कुरतडलेला कागद आणि वाळलेला भात. कॅसेटमध्ये भात, आत्या. जेवता जेवता हात पुसले होते की काय कोण जाणे. नाकाला ओढणी बांधून मी सगळं सुरीने खरवडून काढलं.

मग काम सोपं झालं. कव्हरवरच्या काळ्या रेघांवर स्कॅनरचा लाल उजेड टाकला की टीं वाजतं आणि कॅसेटचं नाव लॅपटॉपवर उमटतं. ज्यांच्यावर टीं वाजलं त्या सगळ्या सिनेमाच्या निघाल्या. ती गाणी आता फोनवर फुकट मिळतात, म्हणून त्या भंगारात. ज्यांच्यावर टीं वाजलं नाही त्या घरी भरलेल्या, म्हणून वाचनालयाला. अप्पा बाकड्यावर बसून प्रत्येक टींला मान डोलावतात. त्यांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी भंगारवाला पोती नेईल. तुझा लोभ आहेच, तो पत्रातूनही येऊ दे.

तुझी,
श्रेया

अँटॉप हिल,
५ फेब्रुवारी

चि. श्रेयास,
आत्याचे आशीर्वाद.

तुझं पत्र आज हाती पडलं. लगेच शेजारच्या पूर्वीला तुला फोन लावायला सांगितला. पोती कालच गेल्याचं तिने हातवारे करून सांगितलं. पुढचं तिच्याकडून बोलून घेतलं नाही. दुसऱ्याच्या तोंडाने भांडण रंगत नाही. हे पत्र तिच्याच हाती पाठवते आहे.

तो भात माझा होता.

गिरणी बंद पडलेली, कोऱ्या कॅसेट परवडायच्या नाहीत. रस्त्यावर सिनेमाच्या जुन्या मिळायच्या. पण विकतच्या कॅसेटच्या वरच्या खळग्या बुजवल्याशिवाय त्यांच्यावर रेकॉर्डिंग होत नाही. म्हणून मी कॅलेंडरचा कागद दुमडून भाताच्या शितांनी बसवायची, आणि अप्पा त्या घेऊन डबलबारीला जायचे. समोरासमोर दोन बुवा, एकाने भजनातून टोमणा हाणायचा, दुसऱ्याने भजनातूनच तो परतवायचा. सिनेमाची गाणी पुसून अप्पांनी त्या बाऱ्या भरल्या. त्यांना वाचता येत नाही. कोणत्या हिरोच्या चित्राखाली कोणते बुवा, हे त्यांच्या डोक्यात. कोऱ्या पुढे परवडू लागल्या, त्यांच्यावर आमच्या लग्नांचा गोंगाट आहे. तो वाचनालयाला पोचला असेलच.

पदवीधर बाई, एक तरी कॅसेट लावून बघायचीस. मला ऐकू येत नाही. तुला काय झालं होतं?

अप्पांना तूच सांग. बाहेरून कळलं तर त्यांना ते सोसणार नाही.

राग आहे, आणि मायाही आहे.

नलूआत्या

घोडपदेव,
८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
नमस्कार. कोणत्या तोंडाने, ते विचारू नकोस.

तुझं पत्र वाचून तशीच भंगारवाल्याकडे गेले. त्याने प्लास्टिक वेगळं काढून टेप उपसून टाकली होती. गटाराच्या कडेला तपकिरी गुंताच गुंता, त्यावर कोणाचं तरी खरकटं आणि पानाची पिचकारी. त्या ढिगात मी कोपरापर्यंत हात घातले. अकरा शाबूत निघाल्या. तीन वेळा आंघोळ केली तरी वास जात नाही. पण खरी किळस आली ती कोपरे पाहून. भात मीच इतका स्वच्छ खरवडला होता.

घरी अप्पा शेजारच्या राणेवहिनींना सांगत बसले होते की नातीच्या मशीनने त्यांच्या सगळ्या बाऱ्या पास केल्या. टीं वाजलं म्हणजे निवड झाली, असं ते धरून चालले होते. मी मध्येच थांबवून सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. स्कॅनर डोळ्यांसमोरून हलव, एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. जेवले नाहीत.

काल मी अकरातली एक फडक्याने पुसून अप्पांच्या टेपरेकॉर्डरवर लावली. आधी सिनेमाच्या गाण्याची दोन कडवी, मग एकदम पखवाज. बुवांनी असा टोमणा मारला की मला हसू फुटलं आणि लाजही वाटली. तेवढ्यात कॅसेट संपली. समोरच्या बुवांचं उत्तर पुढच्या कॅसेटवर होतं, आणि ती त्या गटाराकडेला गेली.

उत्तर अप्पांनी दिलं. भिंतीकडे तोंड करूनच, फाटक्या आवाजात, टाळी धरून. संपल्यावर म्हणाले, भात आण.

मी कॅलेंडर फाडलं आणि राणेवहिनींकडून मागून आणलेल्या एका सिनेमाच्या कॅसेटचे कोपरे शितांनी बुजवले. चिकट लागलं, शहारे आले. खोटं कशाला लिहू? तरी बुजवले. अप्पांनी दोनदा उकलून पाहिले आणि नलूच्या हातचा भात जास्त धरायचा, म्हणाले. मग तेच उत्तर ते पुन्हा गायले आणि मी ते भरून घेतलं. अजून दहा उत्तरं भरायची आहेत. चाळीचा जिना चढणार असशील तर ये.

तुझ्या लोभाला मी अजून लायक असेन, तर तो राहू दे.

तुझी,
श्रेया