मापाचा ब्लाउज

कात्रप, बदलापूर (पूर्व)
शुक्रवार दुपार, मशीन बंद ठेवून

ती. बकुळाताईस, धाकट्या अंजनीचा वाकून नमस्कार.

इकडे सगळं ठीक. ह्यांची ढेरी ठीक, माझे गुडघे होते तसेच, आणि प्राची नोकरीला लागल्यापासून पोटची पोर असून घरात पाहुण्यासारखी येते. तुझी तब्येत कशी आहे असं रीतीप्रमाणे विचारते, पण उत्तर मला पाठ आहे: मला काय धाड भरलीय! पूल ओलांडला की तुझं मांजर्ली, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. तर फोनवर तब्येतीचा विषय काढला की तुझ्या कुकरची शिट्टी होते (संध्याकाळी पाचलासुद्धा), आणि तू फोन ठेवतेस. म्हणून हे पत्र तुझ्या शिलाईच्या पिशवीत घालून पाठवतेय. शेवटपर्यंत वाच. मध्येच भाजी करपली असं म्हणू नकोस.

झालं असं की, प्राची ज्या अभ्यासाच्या कामावर लागली आहे तिथे अंडाशयाचा कॅन्सर (ह्यांच्यासमोर मी नुसतं 'आतलं' म्हणते) रक्तावरून लवकर ओळखता येईल का, ते बघतात. आपल्या माईला झाला होता, तोच. त्यासाठी आजारी बायकांचं रक्त लागतंच, शिवाय ज्यांच्या आईला तो झाला पण स्वतः धडधाकट आहेत अशा बायकांचंही लागतं. प्राचीने माझं नाव दिलं. ताई, उभ्या आयुष्यात मला पहिल्यांदा कुणी निरोगी म्हटलं! ह्यांना ते पटेना. म्हणाले, हिला निरोगी कोण म्हणतं, रोज रात्री गुडघ्यांवरून रडगाणं असतं. मी पैठणी नेसणार होते, पण तिच्यावरच्या ब्लाउजची माझ्या हातची बाही इतकी चोख बसते की दंडावर तसूभर सरकत नाही, म्हणून साधी साडी नेसले.

ह्यांना सोबत घेऊन उपाशीपोटीच निघाले. (तसं कुणी सांगितलं नव्हतं, पण रक्त म्हटलं की उपाशी, एवढं मला कळतं.) अंबरनाथहून शेअर रिक्षा करून उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये उतरलो, तर वाटेतच माझ्या नेहमीच्या अस्तरवाल्या सिंधी शेठचं दुकान. हुक संपले होते, म्हणून डोकावले. त्यांच्याकडे आधी पापड आणि पाणी, मग धंद्याची गोष्ट. माझा उपास, त्यामुळे माझाही पापड ह्यांनी खाल्ला, आणि खाता खाता आपण कुठे चाललोय आणि बायकोच्या शरीरात काय शोधणार आहेत, ते सगळ्या दुकानाला ऐकवलं. चार गिऱ्हाइकं आणि अस्तरांचे गठ्ठे माझ्याकडे बघत होते. शेठ तेवढे म्हणाले, "अच्छा काम है, बहेन, डरना मत." मी हुक न घेताच बाहेर पडले.

प्राचीच्या हॉस्पिटलात रक्त घ्यायला किर्ती नावाची पोरगी होती. तिने हात पुढे करायला सांगितलं, तर मी पिशवीतून मागल्या आजारपणातला रक्ताचा जुना रिपोर्ट काढून तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, बाळ, मापाला हा घे, सुई कशाला? आता तूच सांग, यात माझं काय चुकलं? आपल्याकडे गिऱ्हाईक जुना ब्लाउज टाकून जातं, आणि मी त्यावरून नवा शिवते. अंग कुठाय म्हणून कधी विचारलंय मी? किर्ती इतकी हसली की तिला सुई खाली ठेवावी लागली. "काकू, टेन्शन नका घेऊ. पण हा तेव्हाचा आहे ना! मला आजचं रक्त पाहिजे." मीही हसले, पण ते बोलणं मला सुईच्या आधी टोचलं. का, ते खाली येईल. सुई मला लागली आणि आडवे पडले हे! माझ्यासाठी ठेवलेली बिस्किटं आणि सरबत ह्यांनाच द्यावं लागलं.

मग प्राचीने मला काचेपलीकडचं यंत्र दाखवलं. नळी आत गरगर फिरली, आणि बाहेर काढली तर लाल तेवढं खाली बसलेलं, वर निवळ पिवळसर पाणी. पोटात खोल गाठ असेल तर तिने सांडलेल्या बारीकसारीक खुणा या पाण्यात सापडू शकतात, म्हणे. मी तोंडाला पदर लावून उभीच राहिले. कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यांबाहेर चिंध्यांचे ढीग असतात ना? शटर बंद असलं तरी चिंध्या बघून मी सांगते आत काय शिवलं जातंय. ही पोरं तेच करतात, फक्त यांच्या चिंध्या डोळ्यांना दिसत नाहीत. माझे हात आपोआप जोडले गेले (यंत्राला! प्राचीला लाज वाटली). ती मात्र हुरळून जात नाही. सीए-१२५ नावाची एक खूण जुनीच आहे, पण ती एकटी भरवशाची नाही. कधी गाठ असूनही ती खूण वाढत नाही, कधी भलत्याच साध्या कारणाने वाढते. म्हणून अनेक खुणा एकत्र वाचता येतात का, ते चाललंय. काही त्रास नसलेल्या बाईला खात्रीने सांगेल अशी चाचणी अजून नाही, असं ती स्वच्छ म्हणाली. पण 'अजून' म्हणताना तिचा चेहरा बघायला हवा होतास, ताई. माईला आपण ओवा देत राहिलो. पोट तट्ट फुगलं तरी सगळे गॅसच म्हणत होते, आणि कळलं तेव्हा पोटात पाणी झालेलं. त्याच माईची नात आता त्या आजाराचा माग काढतेय. मला तिथेच रडू आलं.

तू मांजर्लीची. नदी फुगल्याचं कळलं की तू पाणी जिन्यात शिरायची वाट बघत नाहीस. भावोजींच्या नावाने ओरडत फ्रीज वर चढवतेस. तुला कुणी भित्री म्हणत नाही.

बाकी विशेष नाही. आण्णा भावोजींना नमस्कार.

तुझी,
अंजनी

ता. क. पिशवीतलं कापड तसंच परत पाठवलंय, शिवलेलं नाही. रागावू नकोस. दर वेळी तू मापाला तोच जांभळा ब्लाउज पाठवतेस आणि मी डोळे झाकून शिवते. पण या खेपेला तुझा निरोप होता, परकराची नाडी वीतभर लांब ठेव. आणि गणपतीत तू पंगतीला वाढत होतीस तेव्हा तुझा दंड बाहीत खुळखुळत होता, दोन घासांत पोट भरलं म्हणून उठलीस तीही तूच. दंड उतरतोय आणि नाडी वाढतेय, ताई. हे कदाचित काहीच नसेल, प्राचीही तसंच म्हणते. पण बघायला हवं, असंही म्हणते.

पुन्हा ता. क. मंगळवारी अकरा वाजता स्टेशनजवळच्या बाईडॉक्टरांकडे तुझं नाव लावलंय. सोनोग्राफी आणि रक्त, दोन्ही. भावोजींना सांगून झालंय, ते रिक्षा घेऊन येतील. उपाशी राहू नकोस, पाणी भरपूर पी. मी विचारून घेतलंय. ह्यांना घरीच ठेवते.

आणखी एक. मी भित्रीच आहे, आणि या वेळी तुझ्यासाठी घाबरलेय. जांभळा ब्लाउज पिशवीत शोधू नकोस. तो मी काल बसून टाकान् टाका उसवला. आता मापाला तुलाच यावं लागेल.