कोर्ट उठेपर्यंत

शुक्रवार पेठ, सोलापूर
बुधवार, सकाळी

व्याहीबुवा गुरुशांतअप्पा, मुक्काम मोडनिंब, यांना नागप्पाचा नमस्कार, शरणु शरणार्थ.

तुमची गुडघेदुखी कमी असेल आणि विहीणबाईंचा राग तिच्याहून कमी, असं धरून चालतो. (फोन त्याच उचलतात आणि त्याच ठेवतात, म्हणून हा कागद.) आधी महत्त्वाचं सांगतो: मी तुरुंगात नाही. श्रीदेवीच्या लग्नात तिचा बाप मांडवात हजर असेल. लग्नाच्या तारखेचं विचारलं त्या दिवशी तुम्ही 'बघू' म्हणालात, त्याच्या आधीचा सुस्कारा मी ऐकलाय. माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत.

झालं असं, की दुकानाच्या भाडेकरारासाठी कोर्टात गेलो होतो. आमचा वकील नंदीश यायचा होता, म्हणून आत पंख्याखाली बसलो. समोर बांधाच्या मारामारीचा खटला. साक्षीदार धुळाप्पा, अक्कलकोटकडचा, कन्नडमध्ये ऐसपैस सांगत होता, की मी तिथं नव्हतोच, मेव्हण्याकडं हुरडा खात होतो, मारामारीचं मागनं कळलं. दुभाष्यानं साहेबांना काय सांगावं? 'यानं मारामारी पाहिली.' आता गप्प बसवतं का, तुम्हीच सांगा. मी उभा राहून दुरुस्ती केली. साहेबांनी समज दिली. पुढच्या वाक्याला पुन्हा केली. तिसऱ्यांदा साहेब रागावले आणि माझ्या तोंडून गेलं, "साहेब, कन्नड तुमाला येत न्हाय, मला येतंय, मग गप्प मी का बसायचं?"

नोटीस आली. कोर्टाचा अपमान, मंगळवारी हजर राहून खुलासा करा. नंदीश म्हणाला, "काका, सहा महिन्यांपर्यंत साधी कैद होऊ शकते." साधी म्हणजे काम नाही. डोक्यावर पाटी घेऊन कडक भाकरी विकत दुकानापर्यंत आलेला माणूस मी, तीस वर्षांत दुपारी पाठ टेकली नाही. सहा महिने नुसतं बसण्यापेक्षा खडी फोडलेली बरी की. घरात रडारड. बायकोनं, आमच्या बसम्मानं, डोळे पुसत पुसत सहा महिन्यांच्या कडक भाकऱ्या केल्या, दोन गोण्या, वर शेंगाचटणीचा डबा. श्रीदेवी मात्र हळूच म्हणाली, "आप्पा, लग्न पुढं ढकलू की." खरी धास्ती तेव्हा घेतली.

मंगळवारी गोण्यांसकट हजर झालो. साहेबांनी आधी गोण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मनापासून माफी मागितली. (मराठीतूनच. दुभाषी तोच होता.) साहेब म्हणाले, माफी मान्य, पण कोर्ट उठेपर्यंत मागच्या बाकावर बसायचं आणि आवाज काढायचा नाही. एवढंच. मी गोण्या उचलून मागं जाऊन बसलो, तेही आवाज न करता.

मधल्या सुट्टीत घास उतरला नाही, आणि तीन वाजता, ऐन कामकाजात, भूक लागली. भाकरीचा एक तुकडा तोडला तर असा कडाडला, की टायपिस्टबाई थांबल्या आणि साहेबांनी मान वर केली. मग तोच तुकडा गालात धरून तासभर भिजवला. साडेपाचला कोर्ट उठलं, मी उठलो, आणि दारातच चार भाकऱ्या कराकरा खाल्ल्या. इतका गोड आवाज या कानांनी कधी ऐकला नव्हता.

तेव्हा विहीणबाईंना सांगा, मुलीचा बाप शिक्षा पूर्ण भोगून मोकळा झालाय. लग्नाची तारीख हलणार नाही.

तुमचा होणारा व्याही,
नागप्पा

ता. क. गोण्या जवळजवळ भरलेल्याच आहेत. लग्नात पहिल्या पंगतीला चालतील का?

आणखी ता. क. बाकावर बसल्या बसल्या धुळाप्पाच्या खटल्याची पुढची तारीख कानावर पडली. नेमकी लग्नाचीच, सकाळी अकरा. उलटतपासणी आहे, आणि दुभाषी तोच. मुहूर्त संध्याकाळचा निघतो का, तेवढं बघा. मी नुसता ऐकायला जाणार. भाकरीसुद्धा नेणार नाही.