पान चौदावरचं चिंतन

२ जून, सकाळी ६.१०
आजपासून आयुष्याचा अर्थ शोधायचा. रोज सकाळी एक तास. वय एक्कावन्न, आता चालढकल नको. ऑफिसात बावीस वर्षं वॉशिंग मशीनच्या माहिती-पुस्तिका लिहितोय. प्रत्येकीचं पहिलं वाक्य तेच: 'प्रथम मशीनचा प्लग लावला असल्याची खात्री करा.' माझ्यासारख्या विचारी माणसावर बावीस वर्षं हे वाक्य लिहायची वेळ यावी, यात कुठेतरी मोठी चूक झाली आहे. माझी नव्हे.

८.३५. डोळे मिटून बसलो, इथपर्यंत आठवतंय. सौ.ने हलवून उठवलं.

३ जून
मुलीला नोकरी लागली. परगावी. २९ ला निघणार. म्हणाली, जायच्या आधी एक रविवार मला दे. मशीन, इस्त्री, फ्यूज, एकटीनं राहायला लागतं ते सगळं शिकव. म्हटलं, एकच का, मधले तिन्ही घे.

८ जून, रविवार
आज मौन. सात वाजता सुरू केलं. मौन म्हणजे काय आणि त्याचे फायदे कोणते, हे सौ.ला समजावण्यात पाऊण तास गेला. मग पुन्हा पहिल्यापासून. मुलगी वही-पेन घेऊन आली. तिला खुणेने सांगितलं, पुढच्या रविवारी. तिला वाटलं पाणी हवंय. आणून दिलं. प्यायलो.

१० जून
सकाळचा तास रद्द. सकाळी झोप येणं हा निसर्ग आहे, त्याच्याशी भांडू नये. चिंतन ऑफिसात करणार. साहेबांची खुर्ची माझ्या पाठीमागे असल्याने वेगळी फाइल उघडणं धोक्याचं. म्हणून नव्या मॉडेलच्या पुस्तिकेतच, पान चौदावर, 'फिल्टरची स्वच्छता' या मथळ्याखाली टाइप करतो. लांबून काम वाटतं. मूळ मजकूर काढून बाजूला ठेवलाय, छापायला जायच्या आधी परत टाकायचा. आजचं चिंतन: 'माणूस धावतो. पण कुठे? क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा.' साहेब मागून गेले, म्हणाले, छान चाललंय.

१५ जून, रविवार
'अर्थपूर्ण जगणं' या विषयावर दिवसभराचं शिबिर. मुलीला म्हटलं, तिथून आलो की तुला अधिक चांगलं शिकवीन. तिने विचारलं, फ्यूज बदलायला शिबिर लागतं का. तरुण पिढीला खोली नाही. वक्ते म्हणाले, आपल्या माणसांना वेळ द्या. इतकं पटलं की त्यांच्या पुढच्या रविवारच्या शिबिरालाही नाव देऊन आलो.

१७ जून
पुस्तिका छापून आली. आठ हजार प्रती. पान चौदा उघडलं. मूळ मजकूर परत टाकायचा राहिला. वर फिल्टरचं चित्र, खाली 'माणूस धावतो.' साहेबांना सांगायला उठलो. वाटेत पाणी प्यायलो, आणि पुन्हा जागेवर येऊन बसलो.

१८ जून
शांतपणे विचार केला. याला चूक म्हणणं उथळपणाचं होईल. आठ हजार घरांत आपले विचार पोचणं भल्याभल्या लेखकांना जमलेलं नाही.

२० जून
एकही तक्रार नाही. लोक अंतर्मुख झाले असावेत. कस्टमर केअरच्या बाईंना सहज विचारलं, पुस्तिकेबद्दल कुणी काही बोललं का. त्या म्हणाल्या, पुस्तिका वाचलेला माणूस त्यांना अकरा वर्षांत भेटलेला नाही. बाईंचा स्वभाव निराशावादी दिसतो.

संध्याकाळी तेच नवं मॉडेल आमच्या घरी आलं. ऑफिसची सवलत. मुलीने विचारलं, फिल्टर कुठे असतो. म्हटलं, रविवारी.

२२ जून, रविवार
मुलीने शिबिराला स्कूटरवरून सोडलं. वाटेत बरंच काही बोलत होती. हेल्मेटमुळे नीट ऐकू आलं नाही. आजचा विषय: ऐकण्याची कला. अप्रतिम.

२९ जून, रविवार
चारची गाडी. अकराला मशीन अडलं. आत तिचे ऑफिसचे कपडे, पाणी तुंबलेलं, दार उघडेना. सौ. म्हणाली, "अहो, तुम्हीच लिहिलंय ना? मग उघडा की." मी म्हटलं, आधी चहा घेऊ. तोवर सौ.ने पुस्तिका काढली होती. पान चौदा मोठ्याने वाचलं. चष्मा पुसला. परत वाचलं. क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा.

शेवटी सगळं कबूल केलं. आणखी एक गोष्टही कबूल करावी लागली. फिल्टर कुठे असतो ते मलाही माहीत नव्हतं. बावीस वर्षं मी चित्रं बघून लिहीत आलो.

मुलगी जमिनीवर बसली, उजव्या कोपऱ्यात खाली असलेलं झाकण चाचपडत शोधलं, फिरवलं, पाणी बादलीत काढलं. फिल्टरमध्ये माझा मोजा निघाला. हसली. मग हसता हसता थांबून म्हणाली, "बाबा, एकच रविवार मागितला होता."

लाज वाटली. ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत भरून ती गेली. गाडी वेळेवर सुटली, एरवी कधी सुटत नाही.

३० जून
साहेबांना जाऊन खरं सांगितलं. त्यांनी पान चौदा उघडलं, नीट पाहिलं आणि म्हणाले, ठीक आहे, चित्र जरा मोठं हवं होतं. मी दुरुस्तीची चिठ्ठी लिहिली: 'झाकण उजव्या कोपऱ्यात, खाली. जमिनीवर बसून उघडा.' बावीस वर्षांत स्वतः पाहून लिहिलेलं हे पहिलंच वाक्य.

५ जुलै, शनिवार
सौ. बहिणीकडे गेली आहे. कपडे मलाच धुवायचे. मशीनजवळ प्रथमच एकटा गेलो. मशीनच्या दारावर कागद चिकटवलेला. मुलीचं अक्षर. वर लिहिलंय, 'बाबासाठी'. खाली अकरा पायऱ्या. तिसरी: खिशातले पेन, रुमाल आणि चिंतन बाहेर काढ. अकरावी: अडलं तर मला फोन कर. पुस्तिका उघडू नकोस.

दोनदा वाचलं. डोळे भरून आले. घरात कुणी नव्हतं, त्यामुळे लपवायचीही गरज लागली नाही.

तिसऱ्या पायरीपासून सगळं अगदी काटेकोर केलं. बटण दाबलं. मशीन ढिम्म. परत दाबलं. ढिम्म. खरं सांगायचं तर आनंदच झाला. फोन करायला निमित्त मिळालं.

तिने विचारलं, कुठला दिवा लागतोय. म्हटलं, कुठलाच नाही. मग म्हणाली, "बाबा, पहिली पायरी वाचलीस का? प्लग लावलास?"

वाकून पाहिलं. लावला नव्हता.

तिला म्हटलं, शोधतोय, जरा वेळ लागेल, तोवर तू बोलत राहा.