‘होय’साठी चौकट

१२ जानेवारी, लोणावळा
सुधाला जाऊन आज पाच महिने झाले. दुपारी वैशालीचा फोन. माझी एके काळची विद्यार्थिनी. आता तळेगावच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभाग सांभाळते. रुग्ण बरा होणार नाही असे दिसल्यावर यंत्र लावावे की लावू नये, हे ठरवणाऱ्या समितीत एक बाहेरचा माणूस हवा आहे. शिवाय घरच्यांनी ज्यावर सही करायची, त्या कागदाचे मराठी तपासायचे. “सर, माझे निबंध लाल करायचात. आता हा फॉर्म करा.” नकार देणार होतो. दिला नाही.

१५ जाने.
फॉर्म आला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पुष्कळ. तिसऱ्या परिच्छेदाशी लेखणी थांबली. ‘रुग्णासाठी सर्व प्रयत्न करावेत काय? होय / नाही.’
हेच वाक्य. ऑगस्टमध्ये पुण्यात हेच माझ्यापुढे ठेवले होते. मी ‘होय’ लिहिले, खाली सुवाच्य सही केली. त्यानंतर सुधा अकरा दिवस यंत्रावर. नळी ओढू नये म्हणून दोन्ही हात बांधलेले. आमची मुलगी मीरा दुसऱ्याच दिवशी म्हणाली होती, “बाबा, आईला हे नको होतं. ती तुम्हाला बोलली होती.”
बोलली होती. पण ‘नाही’ लिहायचे म्हणजे…
मीरा तेव्हापासून कामापुरतेच बोलते.

१८ जाने.
तीन दिवस त्या वाक्याशी झटत होतो. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे, म्हणूनच दोष दिसत नव्हता. आज सकाळी चहा गाळताना सापडला. एका पर्यायाला क्रियापद आहे, दुसऱ्याला नुसता नकार! ‘प्रयत्न करू नका’ यावर कोणता नवरा सही करील? वास्तविक यंत्र न लावतानाही बरेच काही करायचे असते. वेदना शमवणे. धाप कमी करणे. तोंड ओले ठेवणे. शक्य तर घरी पोहोचवणे. सगळी क्रियापदे लिहून काढली. दोन्ही पर्यायांपुढे ‘होय’साठी एकेक चौकट. ‘नाही’ हा शब्द फॉर्ममधून काढून टाकला.
चहा गार झाला. तसाच प्यायलो.

२३ जाने., तळेगाव
समितीची बैठक. शस्त्रक्रिया विभागाचे डॉक्टर बिथरले. “सर, हे गोड भाषेत पेशंट सोडून देणं झालं. उद्या नातेवाईक म्हणतील, डॉक्टरांनी काही केलंच नाही.”
वैशाली म्हणाली, “म्हणून तर काय काय करणार, ते लिहिलंय.”
मी दोन मुद्दे मांडले. पहिला: आधी तीन डॉक्टरांनी रुग्णाला तपासून मत द्यावे, मग दुसऱ्या तिघांनी, घरच्यांना त्यानंतर विचारावे. नियम तसाच आहे, पण फॉर्मवर प्रश्न आधी होता आणि डॉक्टरांचे मत पाठीमागच्या पानावर. दुसरा: ‘तुम्हाला काय हवे?’ याऐवजी ‘रुग्णाने स्वतः काय सांगितले असते?’ असे विचारावे.
तासभर वाद. मंजूर. सुधा, मंजूर!
(उद्गारचिन्ह मुद्दाम. तू हसली असतीस.)

६ फेब्रु.
आज फॉर्म प्रथमच वापरला. आंबी गावच्या हौसाबाई. फुप्फुसे निकामी, गुंगीत, स्वतः बोलण्याच्या स्थितीत नाहीत. सहाही डॉक्टरांचे मत एक. नवरा किसनआबा. त्यांच्या परवानगीने मी कोपऱ्यात बसलो. वैशाली स्टूल ओढून आबांच्या समोर.
“आबा, मशीन लावलं तर दिवस वाढतील. पण मावशी बऱ्या होऊन घरी यायच्या नाहीत.”
“मंजी तुमी हात वर केलं म्हना की.”
“नाही आबा. आम्ही काय करणार, ते ऐका.” तिने एकेक क्रियापद वाचले. मग विचारले, “मावशी शुद्धीवर असत्या तर काय म्हणाल्या असत्या?”
आबा म्हणाले, “ती? ती म्हनली असती, मला हितं कशाला डांबलंय, आन म्हशीचं कोन बगतंय?” स्वतःच हसले. मग उपरण्याने डोळे पुसले. “घरी न्यायची. धाप लागू द्यायची न्हाई, तेवढं बगा.”
“मग इथं होय लिहा.”
पेन घेतले. चौकटीत मोठ्या अक्षरांत लिहिले: व्हय.
वैशालीने माझ्याकडे पाहिले. हा शब्द मी वर्गात जन्मभर खोडत आलो. आज राहू दिला. याहून शुद्ध उत्तर मी तपासलेले नाही.

१४ फेब्रु.
हौसाबाई काल सकाळी गेल्या. घरच्या ओसरीवर, समोर म्हैस बांधलेली. आबांनी वैशालीला आपण होऊन फोन केला. “बाई, धाप लागली न्हाई बगा. लय शांत गेली.”
शस्त्रक्रियावाल्या डॉक्टरांनी आपल्या विभागासाठी फॉर्मच्या प्रती मागवल्या आहेत. आम्ही जिंकलो. हे वाक्य पुन्हा वाचले. अतिशयोक्ती नाही.

१६ फेब्रु., लोणावळा
पुढे मी बोलण्याच्या स्थितीत नसेन तेव्हासाठी तोच फॉर्म स्वतःच्या नावाने भरला. वर एक ओळ वाढवली: ‘माझ्या वतीने कोण बोलेल?’ तेथे मीराचे नाव. तिला न विचारता लिहिणे अनुचित, म्हणून दोन्ही पानांचे फोटो पाठवले. संध्याकाळी तिचा फोन.
“बाबा, हे तेव्हा…” वाक्य तिने पूर्ण केले नाही. मीही केले नाही.
मग म्हणाली, “रविवारी येते. तोवर सही करू नका. मला आधी काहीतरी विचारायचंय.” काय, ते सांगितले नाही.
फोन ठेवता ठेवता: “आणि दुसऱ्या पानावर ‘वेदना’च्या पुढे स्वल्पविराम राहिलाय. आईनं पहिल्यांदा तोच पकडला असता.”
पाहिले. खरेच राहिला होता. सहा महिन्यांत तिने कामाशिवाय सांगितलेली ही पहिली गोष्ट.
स्वल्पविराम दिला. सहीची जागा मोकळी ठेवली आहे.